क्लिक न करता उघडणारं एक्सटेन्शन पॅनेल कसं बांधायचं

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या ऑनलाईन सेंटरच्या काउंटरवर एकाच वेळी तीन भाषा चालतात. गिऱ्हाईक मराठीत सांगतं, फॉर्म कन्नडमध्ये असतो आणि एरर आली की ती बहुतेकदा इंग्रजीत येते. पहाणी उतारा (सातबारासारखा जमिनीचा कागद) काढायचा असो, नाडकचेरीचा म्हणजे स्थानिक महसूल कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला असो की सेवा सिंधू या सरकारी पोर्टलवरचा एखादा अर्ज, मधे बसलेल्या माणसाला तिन्ही सांभाळून काम उरकावं लागतं. मी या लोकांसाठी क्रोम ब्राउझरला जोडायचं एक एक्सटेन्शन लिहिते. फॉर्म उघडला की कन्नड रकान्यांचा मराठी अर्थ शेजारी दिसतो: 'तंदेय हेसरू' समोर वडिलांचं नाव, 'विळास' समोर पत्ता, 'अर्जीदारर हेसरू' समोर अर्जदाराचं नाव. ऑपरेटरचा एक हात माउसवर असतो, दुसऱ्या हातात गिऱ्हाईकाचं आधार कार्ड असतं आणि मागे रांग लागलेली असते. अशा माणसानं दर फॉर्मला वरच्या पट्टीत जाऊन एक्सटेन्शनचं चिन्ह शोधावं, ही अपेक्षा धरणं बरोबर नाही. पॅनेल आपणहून समोर यायला हवं.

पण आपणहून येणारं पॅनेल काय घोळ घालू शकतं, तेही मी पाहिलं आहे. खानापूरला माझ्या मामेभावाच्या सेंटरवर कुणीतरी खरेदीवर सूट शोधून देणारं एक एक्सटेन्शन टाकून ठेवलं होतं. तो सर्वे नंबर टाइप करत असताना ते मधेच उघडलं, कर्सर त्याच्या शोधाच्या चौकटीत गेला आणि नंबराचा शेवटचा आकडा तिकडे पडला. फॉर्ममध्ये उरलेला नंबरही खराच होता, फक्त दुसऱ्याच्या शेताचा. "हे मधेच उघडूलालंय बघ, आणि टायपिंग तिकडंच जाऊलालंय," एवढंच तो म्हणाला. उतारा छापायच्या आधी मालकाचं नाव वाचायची त्याची सवय आहे, म्हणून निभावलं.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्या एका अटीवर उभ्या आहेत: पॅनेल आपणहून दिसू दे, पण कर्सर आहे तिथेच राहिला पाहिजे आणि फॉर्म जागचा हलता कामा नये. ही अट पाळणारं पॅनेल बांधता येतं. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कॉलेजांतली मुलं शेवटच्या वर्षाला एक्सटेन्शनचे प्रकल्प घेतात, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

ब्राउझर काय करू देतो

आधी दारं तपासू. क्रोममध्ये बाजूचं पॅनेल, म्हणजे साइडपॅनेल एपीआय, आवृत्ती ११४ पासून म्हणजे २०२३ पासून आहे. कोडमधून ते उघडायची सोय, साइडपॅनेल.ओपन, आवृत्ती ११६ मध्ये आली. मात्र ही आज्ञा वापरणाऱ्याच्या कृतीला उत्तर म्हणूनच चालते. टूलबारवरच्या चिन्हावर क्लिक, उजव्या क्लिकच्या मेनूतली निवड, कीबोर्ड शॉर्टकट किंवा पानावर तुमच्या कंटेंट स्क्रिप्टनं (एक्सटेन्शनचा पानाच्या आत चालणारा कोड) ठेवलेल्या बटणावरचं क्लिक, यांपैकी काहीतरी घडलेलं लागतं. टॅब लोड झाला म्हणून टॅब्स.ऑनअपडेटेडमधून तुम्ही ती चालवलीत, तर क्रोम सरळ नकार देतो. फायरफॉक्सच्या साइडबारचा नियमही हाच आहे. तिथे एक सूट आहे: मॅनिफेस्टमधल्या, म्हणजे एक्सटेन्शनची माहिती देणाऱ्या फाइलमधल्या, साइडबार_अॅक्शनखाली ओपन_अॅट_इन्स्टॉल ही नोंद असते आणि तिची मूळ किंमत होकारार्थी आहे, म्हणजे एक्सटेन्शन बसवताच साइडबार एकदा आपोआप उघडतो. तो तसा उघडायला नको असेल, तर तुम्हालाच तिथे नकार लिहावा लागतो.

अॅक्शन.ओपनपॉपअप ही आज्ञा क्रोम १२७ पासून सगळ्या एक्सटेन्शनना खुली झाली. कागदावर हेच आपलं उत्तर वाटतं, पण फॉर्मच्या कामाला ते अगदीच नालायक आहे. पॉपअप उघडताना फोकस ओढून घेतो आणि बाहेर कुठेही क्लिक केलं की मिटतो. म्हणजे ऑपरेटर टाइप करायला रकान्यात गेला की नेमका त्याच क्षणी अर्थ गायब. विंडोज.क्रिएटनं छोटी वेगळी खिडकी उघडता येते, तिला क्लिक लागत नाही, फोकस नको असंही सांगता येतं. पण ती मूळ खिडकीमागे जाते आणि दिवसअखेर खाली अशा खिडक्यांचा ढीग साठतो.

राहिलं पानाच्या आतलं पॅनेल. कंटेंट स्क्रिप्ट पानात स्वतःचा एक घटक घालते आणि त्यात आपला मजकूर दाखवते. याला कुणाच्या क्लिकची गरज नाही. खऱ्या अर्थानं आपणहून उघडणारं पॅनेल हेच, आणि म्हणून सगळी जबाबदारीही इथेच येते.

मी पानातलं पॅनेल आणि साइडपॅनेल दोन्ही एकत्र वापरते. पानावर आपणहून येते ती एक अरुंद पट्टी, तिच्यात फक्त कर्सर असलेल्या रकान्याचा अर्थ. सगळे रकाने, लागणाऱ्या कागदांची यादी, नेहमीच्या एररचा खुलासा हे सगळं साइडपॅनेलमध्ये, आणि ते ऑपरेटर स्वतः उघडतो.

साइडपॅनेल एकदा उघडून घ्या

क्रोमच्या नियमाशी झटापट करणारे बरेच जण मी पाहिले आहेत. पानावर कुठेही पहिलं क्लिक झालं की तेच पकडून साइडपॅनेल उघडायचं, अशी एक युक्ती चालते. करू नका. माणसानं तालुका निवडायला क्लिक केलेलं असतं आणि तेवढ्यात पानाची रुंदी कमी होऊन यादी सरकते.

त्याऐवजी ऑपरेटरला सकाळी एकदाच उघडायला सांगा. सेटपॅनेलबिहेवियरमध्ये चिन्हावरच्या क्लिकनं पॅनेल उघडेल असं ठरवून द्या. ठरावीक टॅबशी न बांधलेलं पॅनेल त्या खिडकीत दिवसभर उघडं राहतं, टॅब बदलला तरी. मग तुमचं काम उरतं ते आतला मजकूर बदलण्याचं. टॅब्स.ऑनअॅक्टिव्हेटेड आणि टॅब्स.ऑनअपडेटेड ऐकायचं, समोर कोणता फॉर्म आहे ते ओळखायचं आणि पॅनेलच्या पानाला निरोप द्यायचा. ऑपरेटरच्या दृष्टीनं अर्थ आपोआप आला. क्लिक एकच, तेही दुकान उघडताना.

दुसरा प्रकार टॅबपुरता. सेटऑप्शन्समध्ये टॅबचा क्रमांक देऊन फक्त सरकारी फॉर्मच्या टॅबवर पॅनेल चालू ठेवायचं आणि एरवी बंद. असं केलं की दुसऱ्या टॅबवर जाताना पॅनेल लपतं आणि जिथे ते आधी उघडलं होतं त्या टॅबवर परतल्यावर आपणहून पुन्हा दिसतं. जिथे सेंटरवाला फॉर्मच्या जोडीला पैसे भरण्याचं पान आणि मेल असे टॅब सतत पालटत असतो, तिथे हा प्रकार बरा. पण अरुंद स्क्रीनवर दर वेळी पानाची रुंदी कमीजास्त होते, हे ध्यानात ठेवा.

पट्टीवरच्या बटणानं साइडपॅनेल उघडायचं असेल, तर एक बारीक गोष्ट नीट बघा. बटण दाबलं की कंटेंट स्क्रिप्ट सर्व्हिस वर्करला (एक्सटेन्शनचा पडद्यामागे चालणारा कोड) निरोप पाठवते आणि वर्कर साइडपॅनेल.ओपन म्हणतो. क्लिकचा हक्क निरोपाबरोबर पुढे जातो, पण तो फार वेळ टिकत नाही. वर्करनं आधी स्टोरेजमधून सेटिंग वाचायला अवेट लावला, म्हणजे उत्तराची वाट पाहिली, आणि मग ओपन म्हटलं, तर कधी चालतं, कधी 'फक्त वापरणाऱ्याच्या कृतीला उत्तर म्हणूनच' अशा अर्थाची एरर येते. तुमच्या नव्या लॅपटॉपवर चालेल, नंदगडच्या जुन्या मशीनवर अडकेल. म्हणून क्रम असा ठेवा: निरोप आला की पहिली ओळ ओपनची, टॅबचा क्रमांक निरोप पाठवणाऱ्याकडूनच घ्यायचा. सेटऑप्शन्स, स्टोरेज, बाकी सगळं त्यानंतर.

केव्हा उघडायचं

साइटचा पत्ता जुळला म्हणून पट्टी दाखवू नका. त्याच पत्त्यावर लॉगिन असतं, कॅप्चा असतो, मोबाईलवर आलेला ओटीपी घालायचं पान असतं. ओटीपीची मुदत पळत असताना समोर काहीही नवीन येणं म्हणजे ऑपरेटरच्या जिवाला घोर. मी फॉर्मची खूण बघते: ओळखीची किमान तीन लेबलं पानावर असतील तरच पुढे.

भूमी या कर्नाटकाच्या जमीन-नोंदींच्या साइटवरचं पहाणीचं पान घ्या, कारण अडचणी सगळ्या तिथे एकत्र दिसतात. जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी येते, तालुका निवडला की होबळी (तालुक्याखालचा गावांचा गट), मग गाव, मग सर्वे नंबर, सरनोक (सर्वे नंबराला जोडलेली उपनोंद), हिस्सा. दर निवडीनंतर पुढची यादी सर्व्हरवरून येते आणि पानाचा तुकडा नव्यानं काढला जातो. म्युटेशनऑब्झर्व्हर (पानातले बदल टिपणारं साधन) लावून 'काही बदललं की दाखव' असं लिहिलंत, तर एका उताऱ्यात पट्टी पाचसहा वेळा उघडमीट करेल. मी बदल थांबून पाऊण सेकंद शांतता होईपर्यंत थांबते आणि त्या पानासाठी पट्टी आधीच दाखवली असेल तर नव्यानं दाखवत नाही, फक्त आतली ओळ बदलते. सरनोकपाशी नवखा माणूस हमखास थबकतो, त्यामुळे कर्सर तिथे पोचला की त्याची ओळ तयार हवी. ती ओळ पानाबरोबरच आणून ठेवा, त्या वेळी नेटवर मागायला जाऊ नका. जांबोटीकडे पावसाळ्यात नेट कसं चालतं ते तिकडच्या माणसाला विचारा.

पान न बदलता आतल्या आत फिरणाऱ्या साइटसाठी वेबनॅव्हिगेशन.ऑनहिस्ट्रीस्टेटअपडेटेड ऐकावं लागतं, नाहीतर दुसऱ्या फॉर्मवर पहिल्या फॉर्मचे अर्थ दिसत राहतात.

आणि टाइप करत असताना कधीही नाही. शेवटची कळ दाबून दीड सेकंद झाला नसेल तर थांबा. पान दिसत नसेल, म्हणजे टॅब मागे असेल, तरीही थांबा. समोर आल्यावर दाखवा.

ऑपरेटरनं पट्टी बंद केली तर ती बंदच राहिली पाहिजे. 'आजपुरतं नको' आणि 'या फॉर्मवर कधीच नको' असे दोन वेगळे पर्याय ठेवा. आजपुरतं असेल ते स्टोरेज.सेशनमध्ये, ते ब्राउझर बंद झाला की पुसलं जातं. कायमचं असेल ते स्टोरेज.लोकलमध्ये. सर्व्हिस वर्करमधल्या साध्या व्हेरिएबलमध्ये काहीही ठेवू नका. तीस सेकंद काम नसलं की क्रोम वर्कर झोपवतो आणि व्हेरिएबल कोरं होतं. मग तासाभरापूर्वी बंद केलेली पट्टी पुन्हा टपकते आणि माणसाला वाटतं आपलं कुणी ऐकतच नाही. स्टोरेज.सेशन कंटेंट स्क्रिप्टला थेट वाचता येत नाही, तसा प्रवेश सेटअॅक्सेसलेव्हलनं द्यावा लागतो. मी मात्र वर्करलाच विचारते, म्हणजे निर्णय एका जागी राहतो.

पट्टी कशी बांधायची

पानात एक घटक घाला, त्याला शॅडो डॉम जोडा आणि मजकूर त्याच्या आत ठेवा. असं केलं की पानाचे सीएसएसचे, म्हणजे दिसण्याचे, नियम आत घुसत नाहीत आणि तुमचे बाहेर सांडत नाहीत. पण काही गोष्टी वारशानं आत येतातच: फॉन्ट, रंग, अक्षरांतलं अंतर. त्यासाठी वरच्या घटकावर 'ऑल: इनिशियल' लिहा. त्यानंही रेमचं माप सुटत नाही, कारण रेम पानाच्या मूळ घटकाच्या फॉन्टवर मोजला जातो. एखाद्या साइटनं तो ६२.५ टक्के केलेला असला की तुमची सोळा पिक्सेलची मराठी दहा पिक्सेलची होते आणि रकार-रफार दिसेनासे होतात. आतली सगळी मापं पिक्सेलमध्ये द्या.

सगळ्यांच्या वर दिसावं म्हणून झेड-इंडेक्सला २१४७४८३६४७ हा सगळ्यात मोठा आकडा देण्याची पद्धत आहे. तोच आकडा साइटनंही दिलेला असू शकतो. पॉपओव्हर बरा. घटकाला पॉपओव्हर 'मॅन्युअल' लावायचा आणि शोपॉपओव्हर म्हणायचं. तो ब्राउझरच्या सगळ्यात वरच्या थरात जातो, त्याला क्लिक लागत नाही, आत ऑटोफोकस नसेल तर फोकसही हलवत नाही आणि बाहेर क्लिक केलं तरी मिटत नाही. क्रोममध्ये हे ११४ पासून, सफारीत १७ पासून आणि फायरफॉक्समध्ये १२५ पासून आहे. डायलॉगचं शोमोडल मात्र इथे चुकूनही वापरू नका. ते फोकस घेतं आणि मागचं सगळं पान निपचित करून ठेवतं.

जागा निवडायला मी सेंटरवर बसून फॉर्म बघितले. आपल्याकडच्या काउंटरवर १३६६ बाय ७६८ चा मॉनिटर अजून भरपूर आहे. उजव्या खालच्या कोपऱ्यात पुढे जाण्याचं किंवा जतन करण्याचं बटण असतं, वरच्या भागात सत्राची वेळ किंवा नाव. मी उजव्या कडेला मध्यावर, २८० पिक्सेल रुंद आणि दोन ओळी उंच पट्टी ठेवते. पानाला बाजूला ढकलत नाही. ढकललं तर माउस जिथे क्लिक करायला निघाला होता तिथलं बटण सरकतं. कर्सरचा रकाना पट्टीखाली झाकला जात असेल, तर गेटबाउंडिंगक्लायंटरेक्टनं तपासून पट्टी डाव्या कडेला दाखवा.

दिसल्यावर पहिला अर्धा सेकंद पट्टीवरची बटणं निष्क्रिय ठेवा. पॉइंटर-इव्हेंट्स 'नन' करून ठेवलंत तर त्या वेळेत आलेलं क्लिक खालच्या पानाला मिळतं, म्हणजे ते जिथे जायचं होतं तिथेच जातं. आपणहून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ही सवलत हवीच.

बंद करायला एस्केप लावायचा मोह होतो. पण यादी मिटवायला, तारखेची चौकट बंद करायलाही ऑपरेटर एस्केप दाबतो. फोकस पट्टीत असेल तरच एस्केप ऐका. एरवीसाठी मॅनिफेस्टच्या कमांड्समध्ये एक शॉर्टकट द्या. शॉर्टकट ही वापरणाऱ्याची कृती धरली जाते, त्यामुळे त्याच कळांनी साइडपॅनेलही उघडता येतं. कन्नड टायपिंगची साधनं स्वतःच्या कळा अडवून बसतात, म्हणून शॉर्टकट ठरवायच्या आधी सेंटरवर कोणतं साधन चालतं ते विचारा.

पट्टीच्या घटकावर भाषा मराठी असल्याचं लिहा, 'एमआर'. पानाची भाषा कन्नड असते; तुम्ही सांगितलं नाहीत तर स्क्रीन रीडर तुमचा मराठी मजकूर कन्नड समजून वाचायला जातो. शिवाय चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श या नोंदीमुळेच मिळतात. ओळीची उंची १.६ ठेवा, नाहीतर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. अक्षरांत अंतर देऊ नका, शिरोरेषा तुटते. स्क्रीन रीडरसाठी भूमिका 'स्टेटस' द्या: आधी रिकामी पेटी पानात ठेवायची, मग तिच्यात मजकूर घालायचा, म्हणजे वाचणारा चालू वाक्य पुरं करून मग हे सांगतो. सरकत येण्याचा परिणाम दिला असेल, तर प्रिफर्स-रिड्यूस्ड-मोशन पाहून तो बंद करा. मी तो दिलेलाच नाही; कडेला काही हललं की नजर तिकडे जाते आणि आधारचा आकडा चुकतो.

विश्वासाच्या गोष्टी

काउंटरवर लोक आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक देऊन बसलेले असतात. माझं एक्सटेन्शन फक्त लेबलं वाचतं. रकान्यात काय लिहिलंय ते वाचणारी एकही ओळ कोडमध्ये नाही, आणि अर्थांचा कोश एक्सटेन्शनच्या आतच असतो, त्यामुळे बाहेर काही पाठवावंच लागत नाही. तुम्हीही असंच करा. कर्सर कोणत्या रकान्यात आहे एवढं कळायला फोकसइन पुरतो; कळा दाबल्याची वेळ लागते, कोणती कळ ते लागत नाही.

पट्टीवर एक्सटेन्शनचं नाव आणि चिन्ह ठसठशीत ठेवा. रंग सरकारी साइटसारखा घेऊ नका. खेड्यातून आलेल्या माणसाला ही सरकारनंच दिलेली सूचना वाटली, तर तुमच्या कोशातली चूक त्याला सरकारचा शब्द वाटेल. पानावरच्या पट्टीत पासवर्ड, नंबर, लॉगिन काहीही मागू नका. तशीच हुबेहूब पट्टी एखादं फसवं पानही काढू शकतं. सेटिंग हवी तर एक्सटेन्शनच्या स्वतःच्या पानावर. पानावरून येणारा मजकूर आत घालताना टेक्स्टकंटेंटच वापरा, इनरएचटीएमएल नाही. बटणाच्या क्लिकला इजट्रस्टेड तपासा, म्हणजे पानाच्या स्क्रिप्टनं बनवलेलं खोटं क्लिक चालणार नाही.

बसवल्यावर पहिल्यांदा रनटाइम.ऑनइन्स्टॉल्डमधून एक पान उघडा आणि सरळ विचारा: पट्टी आपणहून दाखवू, की चिन्हावर फक्त खूण करू? मी मूळ निवड खुणेची ठेवली आहे. अॅक्शन.सेटबॅजटेक्स्टनं चिन्हावर 'म' उमटतो आणि ओळखीचा फॉर्म समोर आहे एवढं कळतं. ज्याला पट्टी हवी तो तिथेच होकार देतो, आणि ज्यानं होकार दिला त्याला ती आली की दचकायला होत नाही. खूण, पट्टी, साइडपॅनेल या चढत्या पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीवर न्यायचं काम फक्त वापरणाऱ्याचं.

सेंटरवर तपासताना

घरच्या मशीनवर सगळं चालतं. सेंटरवर दोन गोष्टी हटकून निघतात. पहिली, झूम. डोळ्यांना सोसत नाही म्हणून ऑपरेटरनं १२५ टक्के केलेला असतो आणि १३६६ ची रुंदी १०९३ ची होते. पट्टी त्या मापात तपासा. दुसरी, जुना टॅब. सेंटरवरचे टॅब सकाळपासून उघडे असतात. मधे तुमची नवी आवृत्ती आली की त्या टॅबमधली जुनी कंटेंट स्क्रिप्ट अनाथ होते; ती वर्करशी बोलायला गेली की 'एक्सटेन्शन कॉन्टेक्स्ट इनव्हॅलिडेटेड' अशी एरर मिळते. पट्टी मात्र पानावर तशीच राहते, बंद करायचं बटण दाबलं तर काहीच होत नाही. म्हणून बंद करण्याचं काम वर्करच्या उत्तरावर टांगू नका. आधी पट्टी पानावरून काढा, मग आठवण साठवायचा निरोप पाठवा, आणि तो निरोप फसला तर गप्प राहा. नवी स्क्रिप्ट आली की तिनं आधी जुनी पट्टी शोधून काढून टाकावी, नाहीतर एकावर एक दोन दिसतात.

इनकॉग्निटो खिडकीत एक्सटेन्शन मुळात चालत नाही, वापरणाऱ्यानं सेटिंगमध्ये परवानगी द्यावी लागते. गिऱ्हाईकाचं लॉगिन मागे राहू नये म्हणून काही सेंटरवाले इनकॉग्निटोतच काम करतात, आणि ते बरोबरच आहे. त्यांना ती सेटिंग स्वतः जाऊन दाखवा.

शेवटचं परवानग्यांचं. मॅनिफेस्टमध्ये सगळ्या साइट मागू नका, लागतात तेवढेच पत्ते लिहा. पुढच्या आवृत्तीत इशारा दाखवावा लागेल असा नवा पत्ता वाढवलात, तर क्रोम ते एक्सटेन्शन बंद करून ठेवतो आणि वापरणारा मान्य करेपर्यंत चालू करत नाही. सेंटरवाल्याला ते कळतही नाही, त्याला फक्त पट्टी यायची थांबलेली दिसते. म्हणून पुढे लागतील असे पत्ते ऑप्शनल_होस्ट_परमिशन्समध्ये लिहून ठेवा आणि तो फॉर्म हवा असेल तेव्हा एक्सटेन्शनच्या पानावर बटण देऊन मागा. ही विनंतीसुद्धा क्लिकशिवाय करता येत नाही. जूनमध्ये शाळा-कॉलेजचे दाखले आणि पेरणीच्या कर्जाचे उतारे एकदम सुरू होतात. परवानगी बदलणारी आवृत्ती तेव्हा काढू नका, एप्रिलमध्येच काढा आणि दोनतीन सेंटरना फोन करून ती चालू झाली का विचारा.